महाविद्यालयीन स्लॅशर चित्रपट

महाविद्यालयीन स्लॅशर चित्रपट हा भयपटांतील स्लॅशर या प्रकाराचा एक उपप्रकार आहे. महाविद्यालय, विद्यापीठाचा परिसर, विद्यार्थी वसतिगृह किंवा विद्यार्थ्यांचा एखादा गट ही या चित्रपटांची पार्श्वभूमी असते. एक खुनी, बहुधा मुखवटा घालून किंवा अंधाराच्या आडून, विद्यार्थ्यांना एकामागून एक ठार करतो, हे त्यांचे मुख्य कथासूत्र आहे. १९७४ ते १९८६ या काळात अमेरिका व कॅनडा येथे असे चित्रपट मोठ्या संख्येने आणि अत्यल्प खर्चात तयार झाले. पुढे १९९६ नंतर या प्रकाराचे पुनरुज्जीवन झाले. त्याचा प्रभाव हिंदी चित्रपटांवरही पडला.

मराठीत या प्रकाराची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली नाही. मात्र १९७६-७७ मध्ये पुण्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केलेले जोशी-अभ्यंकर हत्याकांड आणि त्यावर आधारित ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) हा मराठी चित्रपट यांमुळे महाविद्यालय आणि खून यांचा संबंध महाराष्ट्रात वेगळ्या रीतीने पडद्यावर आला.

नाव व व्याख्या

‘स्लॅश’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ धारदार शस्त्राने सपकन वार करणे असा आहे. त्यावरून ‘स्लॅशर’ ही संज्ञा रूढ झाली. मराठी समीक्षेत तिला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. त्यामुळे मूळ शब्दच देवनागरीत वापरला जातो. स्लॅशर चित्रपट पुढील बाबतींत इतर भयपटांहून वेगळा ठरतो.

१. खुनी सामान्यतः माणूस असतो. भूत, पिशाच किंवा शाप यांची गरज नसते. काही चित्रपटांत मात्र खुन्याला अमानवी शक्ती दिलेली असते.
२. खून एकामागून एक होतात आणि बळी पडणारे परस्परांच्या परिचयाचे असतात.
३. शस्त्र हातात धरून वापरायचे असते. सुरी, कुऱ्हाड, कोयता यांसारखी शस्त्रे बंदुकीपेक्षा अधिक आढळतात.
४. खुनामागे पूर्वी घडलेली एखादी घटना असते. चेष्टेतून झालेला मृत्यू, अपमान किंवा लपवलेला अपराध ही तिची नेहमीची रूपे होत.
५. शेवटी एकच पात्र जिवंत राहते आणि ते बहुधा तरुणीचे असते. या पात्रासाठी अमेरिकी अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी ‘फायनल गर्ल’, म्हणजे अखेरची तरुणी, ही संज्ञा रूढ केली.

महाविद्यालयीन उपप्रकारात ही सर्व लक्षणे असतातच. त्यांत शैक्षणिक जीवनातील प्रसंगांची भर पडते. परीक्षेचा आठवडा, नाताळची सुट्टी, पदवीदान, नवागतांची दीक्षा आणि वसतिगृह रिकामे होण्याचे दिवस हे प्रसंग कथानकात पुन्हा पुन्हा येतात.

निर्मितीचे अर्थकारण

अल्प खर्च हे या चित्रपटांचे केवळ बाह्य लक्षण नसून त्यांची रचनाच त्यातून घडली आहे. सुट्टीच्या काळात महाविद्यालयाच्या इमारती रिकाम्या असतात. त्या कमी भाड्यात मिळतात किंवा विद्यार्थी दिग्दर्शकांना विनामूल्य वापरता येतात. वर्गखोल्या, लांब व्हरांडे, जिने, तळघरे आणि वसतिगृहाच्या खोल्या आयत्याच उपलब्ध असल्याने नेपथ्यावर खर्च करावा लागत नाही. कथेतही सुट्टीमुळेच इमारत रिकामी दाखवलेली असते. परिणामी चित्रीकरणाची अडचण हीच कथेतील परिस्थिती बनते.

‘द डॉर्म दॅट ड्रिप्ड ब्लड’ (१९८२) हा याचा ठळक नमुना आहे. जेफ्री ऑब्रो आणि स्टीफन कार्पेंटर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेचे विद्यार्थी होते. त्यांनी नाताळच्या सुट्टीत विद्यापीठाच्या परिसरातच हा चित्रपट चित्रित केला. सुट्टीत वसतिगृह रिकामे करण्यासाठी मागे थांबलेल्या विद्यार्थ्यांवर खुनी तुटून पडतो, असे त्याचे कथानक आहे. अभिनेत्री डॅफ्नी झुनिगा यांचा हा पहिला चित्रपट होय.

नटसंचाचा खर्चही कमी राहतो. पात्रे तरुण असल्याने नवोदित कलाकार चालतात आणि ती एकेक करून मरत असल्याने प्रत्येकाची गरज थोडेच दिवस लागते. खुन्याने मुखवटा घातला की त्या भूमिकेसाठी नामांकित नट घ्यावा लागत नाही. जॉन कार्पेंटर दिग्दर्शित ‘हॅलोवीन’ (१९७८) महाविद्यालयावर आधारित नसला, तरी त्याच्या यशाने या हिशेबाला मान्यता मिळवून दिली. सुमारे सव्वातीन लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे सात कोटी डॉलरचा व्यवसाय केला. त्यातील खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून विकत आणून पांढरा रंगवलेला एक स्वस्त रबरी मुखवटा होता. त्यानंतर आलेल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) या चित्रपटाचा खर्च सुमारे साडेपाच लाख डॉलर होता आणि अमेरिकेतील त्याचे उत्पन्न जवळपास चार कोटी डॉलरवर गेले. या दोन चित्रपटांनंतर छोट्या निर्मात्यांचा ओघ स्लॅशरकडे वळला.

कॅनडात चित्रपट निर्मितीतील गुंतवणुकीला मिळणारी करसवलत हेही एक कारण ठरले. ‘प्रॉम नाइट’ (१९८०) आणि ‘टेरर ट्रेन’ (१९८०) हे त्या काळातील कॅनडाचे चित्रपट आहेत. ‘टेरर ट्रेन’मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या मार्गावरील विद्यार्थ्यांनी एका सहाध्यायाची केलेली क्रूर चेष्टा पुढील खुनांचे कारण ठरते.

इतिहास

आरंभ

बॉब क्लार्क दिग्दर्शित कॅनेडियन चित्रपट ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) हा या उपप्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. अमेरिका-कॅनडातील विद्यापीठांत विद्यार्थिनींची निवासी मंडळे असतात, त्यांना ‘सोरॉरिटी’ म्हणतात. नाताळच्या सुट्टीत अशा एका मंडळाच्या घरात अश्लील व धमकीचे दूरध्वनी येऊ लागतात आणि ते करणारा इसम घराच्या माळ्यावरच लपलेला असतो, असे त्याचे कथानक आहे. खुन्याचा चेहरा नीट दाखवलेला नाही आणि त्याच्या कृत्याचे कारणही अखेरपर्यंत स्पष्ट होत नाही. चित्रीकरण टोरोंटो शहरात झाले.

भरभराट

१९८१ ते १९८६ या काळात असे अनेक चित्रपट आले. ‘फायनल एक्झाम’ (१९८१) मध्ये सत्रपरीक्षेच्या दिवसांत एका छोट्या महाविद्यालयात खून होतात आणि खुन्याला नाव किंवा हेतू दिलेला नाही. ‘हेल नाइट’ (१९८१) मध्ये विद्यार्थी मंडळात प्रवेश मिळवण्यासाठी चार जणांना एका ओसाड वाड्यात रात्र काढावी लागते. मार्क रॉसमन यांच्या ‘द हाउस ऑन सोरॉरिटी रो’ (१९८३) मध्ये विद्यार्थिनींच्या चेष्टेत त्यांच्या निवासाच्या व्यवस्थापिकेचा मृत्यू होतो. त्या तो लपवतात आणि नंतर स्वतःच बळी पडू लागतात. हुआन पिकेर सिमोन यांचा ‘पीसेस’ (१९८२) हा स्पॅनिश दिग्दर्शकाचा चित्रपट बॉस्टनमधील महाविद्यालयात घडतो. ‘स्प्लॅटर युनिव्हर्सिटी’ (१९८४) आणि ‘सोरॉरिटी हाउस मॅसेकर’ (१९८६) हेही याच लाटेतील चित्रपट होत. व्हिडिओ कॅसेटच्या प्रसारामुळे यांपैकी कित्येक चित्रपट घराघरांत पोहोचले. ब्रिटनमध्ये अशा कॅसेटविरुद्ध वादळ उठल्यावर १९८४ मध्ये व्हिडिओ ध्वनिचित्रमुद्रणांसाठी प्रमाणपत्र सक्तीचे करणारा कायदा झाला.

पुनरुज्जीवन

दशकाअखेर कथासूत्राच्या पुनरावृत्तीमुळे हा प्रकार मागे पडला. वेस क्रेव्हन यांच्या ‘स्क्रीम’ (१९९६) या चित्रपटाने त्याला नवे रूप दिले. त्यातील पात्रांना स्लॅशर चित्रपटांचे नियम माहीत असतात आणि ती त्यांवर चर्चाही करतात. ‘स्क्रीम २’ (१९९७) आणि ‘अर्बन लेजंड’ (१९९८) यांची कथा महाविद्यालयात घडते. अलीकडच्या काळात ‘हॅपी डेथ डे’ (२०१७) या चित्रपटात एक विद्यार्थिनी आपल्या खुनाचा दिवस पुन्हा पुन्हा जगते. सुमारे अठ्ठेचाळीस लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने बारा कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. अल्प खर्च आणि महाविद्यालय यांचे जुने समीकरण त्यामुळे पुन्हा अधोरेखित झाले.

प्रत्यक्ष गुन्ह्यांशी संबंध

महाविद्यालयीन स्लॅशर काल्पनिक असला, तरी प्रत्यक्ष गुन्ह्यांशी त्याचा संबंध वेळोवेळी आला. जानेवारी १९७८ मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या निवासात टेड बंडी या गुन्हेगाराने दोघींचा खून केला. त्याच महिन्यात ‘ब्लॅक ख्रिसमस’ दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. घटनेशी असलेले साम्य लक्षात घेऊन फ्लोरिडा व आसपासच्या काही केंद्रांना त्याऐवजी दुसरा चित्रपट दाखवण्याची मुभा देण्यात आली. ऑगस्ट १९९० मध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे पाच विद्यार्थ्यांचे खून झाले. त्यांवरील दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहून केव्हिन विल्यमसन यांना ‘स्क्रीम’च्या पटकथेची कल्पना सुचली. या दोन्ही प्रकरणांत खुनी विद्यार्थी समुदायाबाहेरचा होता.

हिंदी चित्रपटांतील रूपांतर

हिंदीत अल्प खर्चातील भयपटांची परंपरा प्रामुख्याने रामसे बंधूंनी घडवली. तुलसी व श्याम रामसे दिग्दर्शित ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा चित्रपट महाबळेश्वर येथे चित्रित झाला. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि लेखन ही कामे कुटुंबातील भावंडांनीच वाटून घेतली होती. गंगू रामसे छायाचित्रण, तर किरण रामसे ध्वनीचे काम पाहत. ‘पुराना मंदिर’ (१९८४) हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला चित्रपट आहे. त्यात तरुण प्रेमी युगुल आपल्या मित्रांसह जुन्या हवेलीत जाते आणि तेथे सैतानाशी त्यांची गाठ पडते.

रामसे बंधूंचा ‘महाकाल’ हा १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील चित्रपट स्लॅशरच्या सर्वांत जवळ जातो. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या अमेरिकी चित्रपटावर तो उघडपणे बेतलेला आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणीला आणि तिच्या मित्रांना स्वप्नात शकाल हा पोलादी नख्यांचा खुनी दिसतो. मूळ कथेत गीते, विनोदी उपकथानक, प्रेमकथा आणि तांत्रिक विद्या यांची भर घातलेली आहे.

‘स्क्रीम’ आणि ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ (१९९७) यांच्या यशानंतर २००३ मध्ये हिंदीत दोन उल्लेखनीय चित्रपट आले. पवन कौल यांच्या ‘श्श्श...’ या चित्रपटात मुखवटाधारी खुनी एका महाविद्यालयीन तरुणीच्या व तिच्या मित्रांच्या मागे लागतो. ‘कुछ तो है’ या चित्रपटात विद्यार्थिदशेतील एका घटनेचे रहस्य मित्रांचा पुढे पाठलाग करते.

पार्श्वभूमीतील फरक

हिंदी चित्रपटांत महाविद्यालय हे बहुतेक वेळा कथेचे प्रवेशद्वार असते, खुनाचे स्थळ नसते. मैत्री, प्रेम आणि गाणी महाविद्यालयात होतात. खून मात्र सहलीत, थंड हवेच्या ठिकाणी, हवेलीत किंवा एकाकी बंगल्यात होतात. या बदलाचे एक कारण शिक्षणसंस्थांच्या रचनेत आहे. अमेरिकी स्लॅशरला निवासी परिसर लागतो. तेथे विद्यार्थी पालकांपासून दूर राहतात आणि सुट्टीत मागे राहणारे एकटे पडतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य पदवी महाविद्यालये मात्र दिवसा भरणारी आहेत. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातील पारंपरिक विद्याशाखांची महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. आसपासच्या गावांतून एसटीने येऊन सायंकाळी घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यांत मोठा वाटा असतो. सायंकाळनंतर अशा महाविद्यालयात बळी पडायला कोणी उरतच नाही. म्हणून कथेला विद्यार्थ्यांना घरापासून दूर न्यावे लागते आणि सहल हे त्याचे सोयीचे निमित्त ठरते.

अमेरिकी चित्रपटांतील नवागतांची दीक्षा आणि क्रूर चेष्टा या प्रसंगांना भारतातील जवळचा शब्द रॅगिंग हा आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध ‘महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९’ लागू आहे. त्यात दोषी व्यक्तीला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी स्वतंत्र विनियम केले. चेष्टेचा सूड हे स्लॅशरचे आवडते कथाबीज असूनही रॅगिंग हा हिंदी-मराठी भयपटांचा प्रमुख विषय झालेला नाही.

पुण्यातील हत्याकांड

महाराष्ट्रात महाविद्यालय आणि साखळी खून यांचा संबंध पडद्यापूर्वी प्रत्यक्षात आला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुणे शहरात दहा जणांचे खून झाले. ही घटनामालिका जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखली जाते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघे त्यात दोषी ठरले. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात ते उपयोजित कलेचे शिक्षण घेत होते.

पहिला बळी त्यांचा सहाध्यायी होता. जानेवारी १९७६ मध्ये त्याला ओळखीच्या नात्याने बोलावून घेऊन त्याच्याकडून घरच्यांसाठी चिठ्ठी लिहून घेण्यात आली आणि नंतर त्याचा खून करण्यात आला. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी जोशी कुटुंबातील तिघांचा, तर १ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकर यांच्या बंगल्यात पाच जणांचा खून झाला. या पाचांत कुटुंबातील वृद्ध दांपत्य, त्यांची नात व नातू आणि घरकाम करणारी महिला यांचा समावेश होता. अखेरचा खून मार्च १९७७ मध्ये झाला. नायलॉनच्या दोरीने गळा आवळणे ही गुन्हेगारांची पद्धत होती आणि घरांतील चोरी हा एक हेतू होता.

हा काळ आणीबाणीचा होता. गुन्हेगार कोण याचा पत्ता लागत नसल्याने पुण्यात भीतीचे वातावरण पसरले. संध्याकाळनंतर रस्ते ओस पडू लागले आणि अनोळखी माणसाला दार उघडणे लोकांनी बंद केले. मार्च १९७७ मधील खुनाच्या तपासातून पोलीस विद्यार्थ्यांच्या या गटापर्यंत पोहोचले. पहिल्या खुनाची माहिती असलेला गटातील एक विद्यार्थी माफीचा साक्षीदार झाला. पुणे सत्र न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये चौघांना फाशीची शिक्षा सुनावली. एप्रिल १९७९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. शाह याने कारागृहात लिहिलेले ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन पुढे प्रसिद्ध झाले.

स्लॅशर चित्रपटाच्या कथासूत्राशी या प्रकरणाची तुलना केल्यास फरक ठळक होतो. चित्रपटात विद्यार्थी बळी असतात. येथे विद्यार्थी खुनी होते. चित्रपटात बळी घरापासून दूर असतात. येथे बहुतेक खून नागरी वस्तीतील राहत्या घरांत झाले. चित्रपटातील खुनी मुखवट्यामुळे ओळखू येत नाही. या गुन्हेगारांना मुखवट्याची गरज भासली नाही, कारण दिवसा ते वर्गात बसणारे, सर्वांच्या ओळखीचे विद्यार्थी होते.

माफीचा साक्षीदार

‘माफीचा साक्षीदार’ हा या हत्याकांडावर आधारित मराठी चित्रपट १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. ‘शापित’ आणि ‘सर्जा’ या चित्रपटांमुळे ओळखले जाणारे राजदत्त हे त्याचे दिग्दर्शक होते. मुख्य भूमिकेत नाना पाटेकर होते.

चित्रपटाचे नाव न्यायालयीन परिभाषेतून आले आहे. गुन्ह्यात सहभागी असलेल्या व्यक्तीने संपूर्ण व खरी हकिकत सांगण्याच्या अटीवर तिला माफी देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३०६ मध्ये होती. अशा व्यक्तीला मराठीत माफीचा साक्षीदार म्हणतात. शीर्षकामुळे कथेचा भर खुनी कोण या प्रश्नावरून गुन्ह्यात सामील असलेल्या आणि पुढे त्याची कबुली देणाऱ्या माणसाकडे वळतो.

चित्रपट आला तेव्हा दोषींना फाशी होऊन तीनच वर्षे लोटली होती. गुन्हेगार कोण, ते कसे सापडले आणि त्यांचे काय झाले, हे महाराष्ट्रातील प्रेक्षकाला वृत्तपत्रांतून ठाऊक होते. त्यामुळे स्लॅशरमधील खुनी ओळखण्याचा खेळ येथे शक्यच नव्हता. उरलेला प्रश्न वेगळा होता: एकाच वर्गातील मुले हे कसे करू शकली आणि ज्याला ठाऊक होते तो गप्प का राहिला? अमेरिकेत याच वर्षी ‘सोरॉरिटी हाउस मॅसेकर’ प्रदर्शित झाला, हे लक्षात घेतल्यास एकाच काळात एकाच विषयाला मिळालेली दोन भिन्न वळणे दिसतात.

नंतरच्या कलाकृती

अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ हा हिंदी चित्रपट या हत्याकांडावरून सैलसर प्रेरित आहे. त्यात विद्यार्थ्यांऐवजी रॉक संगीताचा वाद्यवृंद चालवणारे तरुण दाखवले आहेत. हिंसा आणि गुन्ह्याचे चित्रण यांवर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने आक्षेप घेतला. चित्रपट दीर्घकाळ चित्रपटगृहांपर्यंत पोहोचू शकला नाही.

विवेक वाघ दिग्दर्शित ‘जक्कल’ या मराठी माहितीपटाने याच प्रकरणाचा मागोवा घेतला. २०१९ या वर्षासाठीच्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट शोध चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

महाविद्यालयाबाहेरचे मराठी भयपट

स्लॅशरचा प्रभाव मराठीत आला तो विनोदाच्या वाटेने. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी स्लॅशरशी साम्य असलेला चित्रपट आहे. गुंड तात्या विंचू याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली, तर बाहुला रामदास पाध्ये यांनी साकारला. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदामुळे खुनांची भीती मागे पडली आणि हा चित्रपट लहान मुलांतही लोकप्रिय झाला.

गंभीर भयपटांत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) चा उल्लेख केला जातो. गर्भवती तरुणी आपल्या पतीसोबत उसाच्या फडात असलेल्या एकाकी घरात आश्रयाला येते. तिला दिसणाऱ्या लहान मुलांमागे मुली नकोशा मानून केलेल्या हत्यांचे सत्य असते. प्रमुख भूमिका पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी केल्या. फुरिया यांनीच ‘छोरी’ (२०२१) या नावाने त्याचा हिंदी अवतार दिग्दर्शित केला.

मर्यादित पात्रे, एकच घर आणि बाहेर पडता न येणारा परिसर ही अल्प खर्चातील स्लॅशरची साधनसामग्री या चित्रपटातही आहे. वसतिगृहाची जागा उसाने घेतली आहे आणि खुन्याची जागा कुटुंबाने. कथा कोणत्याही एका जिल्ह्याशी जोडलेली नाही. परंतु तिच्या विषयाला मराठवाड्यात ठोस आधार सापडतो. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात ० ते ६ वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. २००१ मध्ये ते ८९४ होते. दरवर्षी हजारो ऊसतोड कुटुंबे याच जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात.

समीक्षा व वाद

स्लॅशर चित्रपटांवरील सर्वांत जुना आक्षेप स्त्रियांवरील हिंसेच्या चित्रणाबद्दल आहे. अमेरिकी समीक्षक जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट यांनी १९८० मध्ये आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या चित्रपटांचा कडक निषेध केला. प्रेक्षकाला खुन्याच्या दृष्टीने पाहायला लावणारा कॅमेरा त्यांना विशेष आक्षेपार्ह वाटला. विद्यार्थिनींचे निवास हे या उपप्रकाराचे आवडते स्थळ असल्याने ही टीका त्याला अधिक लागू पडते.

कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात आणि ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ (१९९२) या ग्रंथात वेगळी मांडणी केली. आरंभी प्रेक्षक खुन्याच्या नजरेतून पाहत असला, तरी शेवटी तो झुंज देऊन जिवंत राहणाऱ्या तरुणीच्या बाजूने उभा राहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र जिवंत राहणारी तरुणी बहुधा अभ्यासू, संयमी आणि प्रेमसंबंधांपासून दूर असलेली दाखवली जाते. त्यामुळे मोकळेपणाने वागणाऱ्या मुलींना मृत्यूची शिक्षा मिळते असा संदेश जातो, ही टीका कायम राहिली.

प्रत्यक्ष गुन्ह्यांवर आधारित चित्रपटांबाबत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. काल्पनिक स्लॅशरमधील बळी हे केवळ कथेचे साधन असते. खऱ्या हत्याकांडात बळींचे नातेवाईक, शेजारी व सहाध्यायी हयात असतात आणि तोच प्रसंग त्यांच्यासमोर मनोरंजन म्हणून येतो. पुण्याच्या प्रकरणात तर खुन्यांची नावे आजही सर्वतोमुखी आहेत. मारल्या गेलेल्या दहा जणांपैकी बहुतेकांची ओळख मात्र दोन आडनावांपुरती उरली आहे.

प्रमाणन

भारतात चित्रपटांचे सार्वजनिक प्रदर्शन चलच्चित्र अधिनियम, १९५२ अन्वये नियंत्रित होते. उघड हिंसाचारामुळे स्लॅशर प्रकारातील चित्रपटांना सामान्यतः ‘ए’, म्हणजे केवळ प्रौढांसाठी, हे प्रमाणपत्र मिळते. परिणामी ज्या वयोगटाविषयी हे चित्रपट असतात, त्यातील अठरा वर्षांखालील कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ते चित्रपटगृहात पाहता येत नाहीत. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट करण्यात आले.

हेही पाहा

भयपट
जोशी-अभ्यंकर हत्याकांड
राजदत्त
रामसे बंधू
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ
रॅगिंग